अभियांत्रिकीचे ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट्स: पीओ, सीओ आणि अटेनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) भेटीची तारीख ठरली की विभागात दोन गोष्टी सुरू होतात: भिंतींना रंग आणि एक्सेलच्या फायलींची पळापळ. याच काळात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न प्राध्यापकांचे आहेत, काही विद्यार्थ्यांचे आणि दोन-तीन पालकांचे. उदाहरणं मुद्दाम विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची घेतली आहेत, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

१. ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट म्हणजे काय? आणि पीओ, पीएसओ, पीईओ, सीओ हे सगळं वेगळं कशाला?

इंजिनिअर म्हणून बाहेर पडणाऱ्या मुलामुलीला पदवीच्या दिवशी काय काय करता यायला हवं, याची यादी म्हणजे ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट्स. आपल्याकडे एनबीएने ही यादी प्रोग्राम आउटकम्स, म्हणजे पीओ, या नावाने स्वीकारली आहे. देशातल्या प्रत्येक शाखेला पीओ सारखेच असतात आणि विभागाला ते बदलता येत नाहीत.

विभाग स्वतः लिहितो ते पीएसओ (प्रोग्राम स्पेसिफिक आउटकम्स). सिव्हिलच्या किंवा कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला खास त्याच्या शाखेतलं काय यावं, हे त्या दोन ते चार वाक्यांत येतं. पीईओ (प्रोग्राम एज्युकेशनल ऑब्जेक्टिव्ह्ज) पदवीनंतरच्या चार-पाच वर्षांबद्दल बोलतात. सीओ (कोर्स आउटकम्स) एकेका विषयाचे असतात, साधारण चार ते सहा. रोजच्या शिकवण्यात हाताशी लागतात ते फक्त सीओ. बाकी सगळं त्यांच्यावर उभं असतं, म्हणून सीओ भुसभुशीत असले की वरचा हिशेब कितीही सुबक मांडला तरी पोकळच राहतो.

२. हे खूळ आलं कुठून?

१९८९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या सममूल्य मानायचं ठरवलं. तो वॉशिंग्टन करार. आता त्यात वीसहून अधिक सदस्य आहेत. सममूल्य मानायचं तर मोजायला समान काहीतरी हवं. किती तास शिकवलं, प्रयोगशाळेत किती यंत्रं आहेत हे देशोदेशी वेगळं असणारच. म्हणून मोजमाप विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं, इथे आणलं गेलं. अमेरिकेतल्या एबीईटी या मान्यता देणाऱ्या संस्थेने ‘ए’ ते ‘के’ अशा अकरा अपेक्षा ठरवल्या होत्या. २०१९-२० पासून तिथे सात आहेत. कॅनडात बारा आहेत.

भारतात एनबीए १९९४ मध्ये एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) छत्राखाली सुरू झालं आणि २०१० मध्ये स्वायत्त झालं. वॉशिंग्टन करारात २००७ पासून तात्पुरतं आणि जून २०१४ पासून कायम सदस्यत्व मिळालं. तुमच्या कॉलेजात ‘आउटकम बेस्ड एज्युकेशन’ची पहिली कार्यशाळा कधी झाली ते आठवून पाहा, बहुधा त्याच सुमाराची निघेल.

३. पीओ बारा आहेत की अकरा? आमच्या वर्कशॉपमध्ये दोघांनी दोन आकडे सांगितले.

दोघंही बरोबर असतील. एनबीएची जुनी यादी बाराची होती. वॉशिंग्टन करार ज्या संघटनेत येतो त्या इंटरनॅशनल इंजिनिअरिंग अलायन्सने २०२१ मध्ये ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट्सची चौथी आवृत्ती मंजूर केली. तिच्यानुसार एनबीएने यादी बदलली आणि ती अकराची झाली. जुना पीओ ६ (इंजिनिअर आणि समाज) आणि पीओ ७ (पर्यावरण आणि शाश्वतता) एकत्र होऊन ‘इंजिनिअर आणि जग’ असा नवा पीओ ६ झाला.

या विलीनीकरणामुळे पुढचे सगळे क्रमांक एकेक घर वर सरकले. नैतिकता आठवरून सातवर आली, टीमवर्क नवावरून आठवर, कम्युनिकेशन दहावरून नवावर, प्रकल्प व्यवस्थापन आणि वित्त अकरावरून दहावर, आजीवन शिक्षण बारावरून अकरावर. तीन वर्षांची तुलना करताना जुना पीओ ८ आणि नवा पीओ ८ शेजारी-शेजारी ठेवले, तर एका बाजूला नैतिकता येते आणि दुसऱ्या बाजूला टीमवर्क. तक्त्यात क्रमांकासोबत नाव लिहायची सवय ठेवा.

मजकुरातही बदल आहेत. डिझाइनच्या पीओत आता उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्यभराचा खर्च आणि नेट झिरो कार्बन यांचा उल्लेख आहे. आजीवन शिक्षणात नव्या तंत्रज्ञानाशी जुळवून घेणं आणि चिकित्सक विचार आले आहेत.

४. मी विद्यार्थी आहे. माझ्या सीजीपीएत हे कुठेच दिसत नाही. मला याचं काय?

मार्कशीटवर नाही, पण मुलाखतीत दिसतं. ‘प्रोजेक्टमध्ये तुझा भाग कोणता?’, ‘हाच मोटर ड्रायव्हर का निवडलास?’, ‘अंदाज चुकला तेव्हा काय केलंस?’ हे प्रश्न म्हणजे टीमवर्क, डिझाइन आणि तपासणीच. दुसरा उपयोग परदेशी जाणाऱ्यांना होतो. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

५. सीओ लिहिताना ‘समजून घेईल’ लिहिलं तर तज्ज्ञ खोडतात. का?

समजलं की नाही, हे बाहेरून दिसत नाही. ‘काँक्रीटच्या मिक्स डिझाइनची पद्धत समजून घेईल’ यावर प्रश्न काढायचा तर ‘टीप लिहा’ इथेच गाडी थांबते. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘वाळू, खडी आणि सिमेंटच्या चाचण्यांचे निकाल दिले असता आयएस १०२६२ प्रमाणे एम३० काँक्रीटचं मिक्स डिझाइन करेल आणि ट्रायल मिक्सवरून त्यात दुरुस्ती करेल.’ आता प्रश्न काय विचारायचा, प्रयोग कोणता घ्यायचा आणि मार्क कशाला द्यायचे, हे त्या वाक्यातच आलं.

ब्लूमच्या पायऱ्या (आठवण्यापासून नवं घडवण्यापर्यंतची शिकण्याची चढती मांडणी; मूळ १९५६ ची, सुधारित २००१ ची) इथे कामाला येतात. पण भिंतीवर लावलेल्या क्रियापदांच्या तक्त्यातून शब्द उचलला म्हणून पायरी चढत नाही. सीओत ‘विश्लेषण करेल’ आणि पेपरात ‘व्याख्या द्या’, असं जोडपं कोर्स फाइलमध्ये सर्रास सापडतं. तपासणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

अभ्यासक्रमात विद्यापीठानेच सीओ दिलेले असतात. ते ढोबळ वाटले तर विभागाच्या बैठकीत चर्चा करून, इतिवृत्तात नोंद ठेवून नेमके करून घ्या.

६. मॅपिंगमध्ये १, २, ३ कशाच्या आधारे द्यायचं? आम्ही मागच्या वर्षीचं कॉपी करतो.

बरेच जण तेच करतात. म्हणूनच ‘इंजिनिअरिंग मॅथ्स ३’ टीमवर्कशी २ ने जोडलेलं दिसतं आणि कोणालाही त्याचं कारण सांगता येत नाही.

मॅपिंग म्हणजे कोणता सीओ कोणत्या पीओशी किती जोडलेला आहे, त्याचा तक्ता. त्याचा आधार सोपा असावा: त्या सीओसाठी विद्यार्थी जे काम करतो, त्यात त्या पीओचा पुरावा किती मिळतो? काम मुख्यतः त्यासाठीच असेल तर ३, बऱ्यापैकी असेल तर २, ओझरतं असेल तर १, पुरावा नसेल तर रिकामं. रिकाम्या चौकटीला घाबरायचं कारण नाही. कोणत्याही विषयाने अकराच्या अकरा पीओ साधावेत अशी अपेक्षा कुठेच नाही.

एआयसीटीईने नोव्हेंबर २०१८ मध्ये परीक्षा सुधारणांचं धोरण प्रसिद्ध केलं. त्यात प्रत्येक पीओ आधी क्षमतांमध्ये आणि मग मोजता येतील अशा परफॉर्मन्स इंडिकेटरमध्ये फोडून दाखवला आहे. ‘माझा सीओ यातल्या किती इंडिकेटरना हात लावतो’ हे मोजलं की १-२-३ चा वाद निम्मा मिटतो. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या छोट्या विभागाला सल्लागार नेमायची ऐपत नसते. त्यांनी हा दस्तऐवज छापून टेबलावर ठेवावा.

७. अटेनमेंट नक्की कसं काढतात? एक उदाहरण द्या, सूत्र नको.

अटेनमेंट म्हणजे ठरवलेली अपेक्षा वर्गाने किती गाठली, याचा आकडा. समजा वर्गात ६६ विद्यार्थी आहेत. विभागाने असं ठरवलंय: ६०% मार्क मिळवणारा ‘पोचला’. पोचलेले ६०% किंवा जास्त असतील तर पातळी १, ७०% ला २, ८०% ला ३.

सीओ ३ वर चाचणीत ८ मार्कांचा प्रश्न होता. ५ किंवा जास्त मार्क मिळवणारे ४८ निघाले, म्हणजे ७२.७%, पातळी २. विद्यापीठाच्या परीक्षेत ६०% च्या वर ४१ जण आहेत, म्हणजे ६२.१%, पातळी १. विद्यापीठाला ८० आणि अंतर्गत परीक्षेला २० असं वजन धरलं तर सीओ ३ चं अटेनमेंट ०.८ × १ + ०.२ × २ = १.२.

असे सगळे सीओ मिळून विषयाचं अटेनमेंट समजा १.५ आलं आणि डिझाइनच्या पीओशी विषयाचं सरासरी मॅपिंग २ आहे. मग या विषयाचा त्या पीओला हातभार २ × १.५ ÷ ३ = १.०. सगळ्या विषयांच्या हातभारांची सरासरी समजा १.६ आली, तर ते प्रत्यक्ष अटेनमेंट. विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणातून (प्रश्न १७) २.४ आले तर ८०:२० ने १.२८ + ०.४८ = १.७६.

उंबरठे आणि वजनं विभागाने ठरवायची असतात. ती निकाल लागण्यापूर्वी ठरवा. निकाल पाहून उंबरठा ६० वरून ५० वर आणला की सगळ्यांना कळतं, कमिटीला तर लगेच.

८. आमचा एक पीओ कितीही केलं तरी १ च्या वर जात नाही. मुलं कच्ची आहेत का?

आधी मॅपिंग पाहा. प्रश्न ७ मधल्या पद्धतीत तीनने भागतो, त्यामुळे मॅपिंग १ असेल तर वर्गातल्या प्रत्येकाला पैकीच्या पैकी मिळाले तरी हातभार १ च राहतो. नैतिकता आणि प्रकल्प व्यवस्थापन हे पीओ असेच अडकतात, कारण त्यांचं मॅपिंग सगळीकडे एकेकच असतं.

यावर दोन रस्ते आहेत. त्या पीओचं लक्ष्य त्याच्या सरासरी मॅपिंगच्या तुलनेत ठेवायचं, म्हणजे मॅपिंग १ असेल तर ०.६ हेही चांगलं. किंवा तीनने न भागता मॅपिंग × अटेनमेंट या गुणाकारांची बेरीज मॅपिंगच्या बेरजेने भागायची, मग आकडा पुन्हा ३ च्या पट्टीवर येतो. कोणताही एक रस्ता धरा आणि किमान तीन वर्षं बदलू नका. लक्ष्य कागदावर शोभावं म्हणून सगळीकडे २.५ लिहिणारे विभाग पुढे ‘लक्ष्य गाठलं नाही, कारणं द्या’च्या रकान्यात घाम गाळताना दिसतात.

९. एंड-सेमचे प्रश्ननिहाय मार्क विद्यापीठ देत नाही. मग सीओनिहाय अटेनमेंट कसं काढायचं?

काढता येत नाही, हे प्रामाणिक उत्तर. म्हणून एकूण मार्क घेतात आणि तीच पातळी सगळ्या सीओंना लावतात. नियमाला ते चालतं. पण त्यामुळे सीओ १ आणि सीओ ५ मधला फरक पुसला जातो आणि वजन ८०% असल्यामुळे अंतर्गत परीक्षेत दिसलेला फरकही दबतो.

म्हणून शिकवण्यात काय सुधारायचं, हे ठरवताना एकत्रित आकडा बाजूला ठेवा आणि जे तुमच्या हातात आहे ते पाहा: चाचणी, टर्म वर्क, प्रॅक्टिकल, ओरल. तिथे प्रश्न सीओनिहाय नोंदवता येतात. ओरल तर फुकट वाया जाणारं साधन आहे. दहा मिनिटांत जर्नल चाळून ‘पुढचा बोलव’ असं करण्याऐवजी प्रत्येक सीओवर एक प्रश्न आणि शून्य-एक-दोन अशी नोंद केली, तर एंड-सेमपेक्षा जास्त समजतं.

स्वायत्त संस्थांना ही सबब नाही. पेपर त्यांचा, तपासणी त्यांची, मार्कांचा तपशील त्यांच्याकडेच.

१०. बऱ्याच पीओंत ‘कॉम्प्लेक्स इंजिनिअरिंग प्रॉब्लेम’ लिहिलंय. म्हणजे अवघड न्यूमेरिकल ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. चार पानी न्यूमेरिकल कितीही अवघड असलं तरी उत्तर एकच असेल आणि सगळी माहिती प्रश्नातच दिलेली असेल, तर ते कॉम्प्लेक्स ठरत नाही. कराराच्या व्याख्येत सात लक्षणं आहेत: सखोल ज्ञानाची गरज, एकमेकांशी भांडणाऱ्या अपेक्षा, उघड उत्तर नसणं, नेहमीच्या पाहण्यात नसलेला प्रश्न, रूढ कोडच्या बाहेरचं काही, वेगवेगळ्या गरजा असलेले संबंधित लोक आणि एकमेकांत गुंतलेले उपभाग. पहिलं लक्षण अनिवार्य, बाकीच्यांपैकी काही किंवा सगळी.

सिव्हिलमधलं उदाहरण घेऊ. ‘अमुक उंचीच्या रिटेनिंग वॉलची स्थिरता तपासा’ हे नेहमीचं गणित. आता हाच प्रश्न सह्याद्रीतल्या एखाद्या घाटरस्त्यावर न्या. पावसाळ्यात दरड येते, वरची जमीन वनखात्याची, खाली वस्ती आणि तिचा पाण्याचा झरा, रस्ता आठवडाभरही बंद ठेवता येत नाही. भिंत बांधायची, गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) रचायचे, उतार कापायचा की आधी पाण्याला वाट करून द्यायची? मातीचे नमुने कुठून किती घ्यायचे, हेही विद्यार्थ्यानेच ठरवायचं. इथे दोन गट दोन उत्तरं आणतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील. मार्क उत्तराला नव्हे, निवडीच्या कारणांना द्यायचे.

असे प्रश्न तीन तासांच्या पेपरात मावत नाहीत. ते मिनी प्रोजेक्ट, लॅब आणि अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्येच बसतात. माझं ठाम मत: पीओचा खराखुरा पुरावा पाहायचा तर नव्वद टक्के वेळ तिथेच घालवावा. चाचण्यांच्या एक्सेलमधून मिळतो तो बहुतेक पहिल्या दोन पीओंचाच.

११. टीमवर्कला मार्क कसे द्यायचे? चौघांच्या ग्रुपमध्ये एकच काम करतो, मार्क चौघांना सारखे.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. विद्यार्थीही हाच विचारतात, फक्त जरा जास्त चिडून.

सुरुवात रुब्रिकपासून, म्हणजे कशाला किती मार्क ते पातळीनुसार सांगणाऱ्या तक्त्यापासून. ‘टीमवर्क – १० मार्क’ हे रुब्रिक नव्हे. प्रत्येक पातळीवर काय दिसलं पाहिजे ते लिहा. उदाहरणार्थ, वरची पातळी: ‘आपला भाग वेळेत दिला, दुसऱ्याच्या भागातली अडचण सोडवायला मदत केली, मतभेद झाला तेव्हा निर्णय कसा झाला ते सांगू शकतो.’ मधली: ‘आपला भाग दिला, दुसऱ्यांच्या भागाबद्दल ढोबळ माहिती.’ खालची: ‘सांगितलं तेवढंच, तेही पाठपुराव्यानंतर.’ हे वर्गाला पहिल्याच आठवड्यात वाटा.

मग तीन पुरावे गोळा करा. पहिला आठवड्याची नोंद: कोणी काय केलं, दोन ओळींत, गाइडच्या सहीने. सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट असेल तर गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींचा (कमिटचा), इतिहासही. (शेवटच्या रात्री चारही नावांनी पडलेले कमिट ओळखू येतात.)

दुसरा पुरावा सहकाऱ्यांचा. चौघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या तिघांत ३० गुण वाटायचे. प्रत्येकाला सरासरी ३० मिळतात. ३६ मिळाले तर गुणक १.२ आणि १८ मिळाले तर ०.६. हा गुणक ग्रुपच्या मार्कांना लावा, पण ०.७ आणि १.१ च्या मर्यादेत, नाहीतर एखाद्याला वाळीत टाकण्याचं ते हत्यार होतं. अडचण ठाऊक आहे: मैत्रीखातर सगळे १०-१०-१० लिहितात. म्हणून वाटप गुप्त ठेवा, प्रत्येक आकड्यामागे एक वाक्य सक्तीचं करा आणि सेमिस्टरमध्ये दोनदा घ्या. पहिल्या वेळी सगळे दहा-दहाच लिहितील. दुसऱ्या वेळेपर्यंत राग साचलेला असतो, तेव्हा खरं बाहेर येतं.

तिसरा पुरावा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार: ओरलमध्ये भाग अदलाबदल करून विचारा. सर्किट करणाऱ्याला कोड समजावायला सांगा, रिपोर्ट लिहिणाऱ्याला टेस्टिंग. आपला नसलेला भाग कामचलाऊ तरी सांगता आला तर ती टीम होती.

१२. आम्ही खेड्यातून, मराठी माध्यमातून आलोय. कम्युनिकेशनच्या पीओत आम्हीच मागे पडणार का?

रुब्रिक आळशी असेल तर पडाल. ‘इंग्रजी अस्खलित’ याला मार्क दिले की शहरातल्या कॉन्व्हेंटची मुलं पहिल्या दिवसापासून पुढे असतात आणि कॉलेजने चार वर्षांत काय शिकवलं हे त्यात कुठेच मोजलं जात नाही.

ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट्सच्या चौथ्या आवृत्तीतली अपेक्षा वेगळी आहे. इंजिनिअर मंडळींशी आणि एकूण समाजाशीही परिणामकारक संवाद हवा, तोही संस्कृती, भाषा आणि शिकण्यातले फरक ध्यानात घेऊन. गावच्या सरपंचाला आणि पाणीपुरवठा समितीला क्लोरिनचं प्रमाण मराठीतून नीट समजावणं हे या पीओच्या गाभ्यातलं काम आहे. राज्याच्या नव्या रचनेत कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट आलाच आहे. त्यातलं एक सादरीकरण ग्रामपंचायतीत मराठीतून घ्या आणि त्याला रुब्रिक लावा: मुद्द्यांचा क्रम, आकृती, ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर.

तांत्रिक रिपोर्ट इंग्रजीत लिहिता आला पाहिजे, यात सवलत नको. नोकरीत तो लागतो. फक्त रुब्रिकमध्ये भाषेची शुद्धता आणि मांडणी या दोन ओळी वेगळ्या ठेवा, म्हणजे विद्यार्थ्याला नक्की काय सुधारायचं ते कळेल. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांत पदवी अभ्यासक्रम शिकवायला वाट करून दिली. त्या वर्गांसाठी तर ही विभागणी आधी करायला हवी.

१३. रिपोर्ट चॅटजीपीटीने लिहिलेला असतो. त्यावरून कोणता पीओ मोजणार?

रिपोर्टवरून आता फारसा कोणताच नाही. पूर्वीही सीनियरच्या पेन ड्राइव्हवरून आलेल्या रिपोर्टवरून मोजत होतो, ते सोडा.

साधनांच्या पीओत साधनाच्या मर्यादा ओळखणंही येतं. त्याचा फायदा घ्या. एआय वापरू द्या, पण कशासाठी वापरलं याची नोंद मागा आणि एक काम द्या: एआयने दिलेल्या उत्तरातली किमान एक चूक शोधून ती आयएस कोड, डेटाशीट किंवा स्वतःच्या मोजमापाने सिद्ध करा. यातून साधन, तपासणी आणि नैतिकता या तिन्हींचा पुरावा एकदम मिळतो. बाकी मार्क रिपोर्टवरून ओरलकडे वळवा. अदलाबदलीची युक्ती प्रश्न ११ मध्ये आहे.

१४. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं काय? त्यांनी पहिलं वर्ष आमच्याकडे केलंच नाही.

पहिल्या वर्षाच्या विषयांच्या अटेनमेंटमध्ये त्यांना धरू नका. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विषयात धरा. त्यामुळे प्रत्येक विषयाच्या तक्त्यात विद्यार्थीसंख्या वेगळी दिसेल. ती तशीच दिसली पाहिजे, खाली एक टीप द्या. त्यांचे डिप्लोमाचे मार्क आणून पहिल्या वर्षाच्या जागी चिकटवू नका. डिप्लोमाचे पीओ वेगळे आहेत, एनबीएच्या यादीत सात.

ही मुलं लॅबमध्ये वर्गाच्या पुढे आणि गणितात मागे असा ढोबळ अनुभव बहुतेक विभागांना असतो. शक्य असेल तर एखाद्या विषयात त्यांचं अटेनमेंट वेगळं काढून पाहा आणि ब्रिज कोर्स कशाचा घ्यायचा ते त्यावरून ठरवा.

१५. माझ्या कॉलेजला एनबीए होतं. म्हणजे माझी पदवी वॉशिंग्टन करारात बसते ना?

थांबा, तीन गोष्टी तपासा. एक, एनबीए मान्यता कॉलेजला नसते, अभ्यासक्रमाला असते. मेकॅनिकलला असेल आणि आयटीला नसेल. दोन, करारात फक्त टियर १ खालची मान्यता धरली जाते, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. संलग्न महाविद्यालयांची मान्यता टियर २ मध्ये येते. ती देशात पूर्ण वैध आहे, पण करारातून परदेशी सममूल्यता देत नाही. आपल्याकडचे पालक इथेच फसतात, कारण प्रॉस्पेक्टसवर ‘एनबीए ॲक्रेडिटेड’ एवढंच ठळक छापलेलं असतं. तीन, मान्यतेचा काळ. तुमची पदवी त्या मुदतीत येते का आणि भारत कायम सदस्य झाल्यानंतरची, म्हणजे २०१४ नंतरची आहे का, ते पाहा. कॉलेज पुढे स्वायत्त झालं म्हणून जुनी पदवी आपोआप टियर १ होत नाही. अभ्यासक्रमांची यादी एनबीएच्या संकेतस्थळावर असते.

आणि बसत असली तरी करार परवाना देत नाही. पदवीचा पाया सममूल्य आहे, एवढंच तो सांगतो. ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी पदवीची तपासणी होते तेव्हा याचा खरा फायदा होतो. अमेरिकेत पीई (परवानाधारक प्रोफेशनल इंजिनिअर) व्हायला राज्याच्या मंडळाच्या अटी आणि परीक्षा आहेतच. एमएसच्या प्रवेशाचा या कराराशी संबंध नाही, तो निर्णय विद्यापीठ स्वतः घेतं.

१६. वर्गाचं अटेनमेंट २.१ आलं. मग प्रत्येक विद्यार्थ्यात तो गुण आला असं म्हणायचं का?

म्हणता येत नाही. आपली पद्धत बॅचची आहे. पातळी २ चा अर्थच असा की दहातले सातेक जण पोचले. उरलेले तीन कोण, हे आकडा सांगत नाही आणि पदवी त्यांनाही मिळते.

आकड्याच्या कडाही तीक्ष्ण असतात. ६६ च्या वर्गात ४६ जण पोचले तर ६९.७%, पातळी १. ४७ पोचले तर पातळी २. एका विद्यार्थ्याने पातळी बदलते. नऊ जणांच्या इलेक्टिव्हमध्ये तर एक विद्यार्थी म्हणजे ११%. तिथे एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन वर्षांचा डेटा एकत्र पाहा.

काही विभाग प्रत्येक विद्यार्थ्याचा पीओनिहाय आलेख काढतात. मेंटरच्या बैठकीत समोर ठेवायला तो चांगला आहे. मार्कशीटसोबत देऊ नये असं मला वाटतं, कारण मॅपिंगचे १-२-३ एवढा भार पेलण्याइतके पक्के नसतात.

१७. एक्झिट सर्व्हेत सगळे ३ पैकी २.८ देतात. त्याला २०% वजन का द्यायचं?

निकाल आणि शिफारसपत्रं बाकी असताना, वर्गात बसवून भरून घेतला तर २.८ च येणार. पदवी हातात पडल्यावर, नाव न विचारता घ्या. ‘टीमवर्क जमलं का’ ऐवजी ‘प्रोजेक्टमध्ये मतभेद कसा मिटवला, एक प्रसंग लिहा’ असं विचारा. माजी विद्यार्थी आणि त्यांना नोकरी देणारे यांची दहा उत्तरं पन्नास ठोकळेबाज फॉर्मपेक्षा कामाची असतात.

१८. अटेनमेंट कमी आलं. ‘कृती’च्या रकान्यात काय लिहू?

‘जादा तास घेतले’ सोडून काहीही, फक्त ते नेमकं आणि तपासता येण्यासारखं असावं. ‘मिक्स डिझाइनच्या सीओत ६६ पैकी २० जणांनी पाणी-सिमेंट गुणोत्तर थेट तक्त्यातून घेतलं, क्रश सँडच्या शोषणाची दुरुस्ती केली नाही. पुढच्या सत्रात ट्रायल मिक्सचा प्रयोग सिद्धान्ताच्या आधी घेणार, त्याच प्रकारच्या प्रश्नावर पुन्हा मोजणार.’ असं लिहायला उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात, आकडा पुरत नाही. सगळ्या विषयांसाठी जमणार नाही. दर सत्राला विभागाने असे दोन विषय केले तरी बदल दिसतो.

लक्ष्य गाठलं तर ते वाढवायचं असतं, हेही लोक विसरतात.

१९. पुरावे म्हणून किती कागद जपायचे?

भेटीत साधारण मागच्या तीन वर्षांचं काम पाहतात. प्रत्येक उत्तरपत्रिका जपायची गरज नाही. एका विषयासाठी चांगलं, मध्यम आणि कच्चं अशा तीन विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने, प्रश्नपत्रिका (प्रश्नापुढे सीओ आणि ब्लूमची पायरी लिहिलेली), वापरलेलं रुब्रिक आणि त्यावर भरलेले मार्क ठेवा. प्रोजेक्टसाठी आठवड्याच्या नोंदी आणि ओरलचे प्रश्नही. कच्चा नमुना काढून टाकू नका. तीनही नमुने चांगलेच दिसले की कमिटी कपाटातून स्वतःच चौथा काढते.